रिकामी विंग

सर, तुमच्या दिवसकार्याला, गंधमुक्तीला, एक गृहस्थ माईक हातात धरून म्हणाले, "सर आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत." मी नेमकी तेव्हा पाणी पीत होते. असा ठसका लागला की शेजारच्या बाई माझी पाठ थोपटायला लागल्या. त्यांना वाटलं, पोरीला रडू आवरत नाही. रडू येतच होतं, ते वेगळं. पण ठसका त्या वाक्याचा होता.

तुम्ही असतात तर तुम्ही मला तिथंच विचारलं असतं, "काय दिसलं?" तर ऐका. मांडवात तुमचा मोठा फोटो होता, हार घातलेला, आणि त्यात तुम्हाला चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय तुम्हाला ताटातलं भरीत दिसायचं नाही, आणि फोटोत मात्र थेट स्वर्गाकडे नजर लावून बसलेले होतात. बोलणारे सगळे पहिल्या रांगेकडे बघून बोलत होते. निवृत्तीनंतर ज्यांनी तुम्हाला एक फोन केला नाही, ते सगळ्यात जास्त लांबले. एकाने मधेच डोळे पुसले, पण रुमाल आधी बाहेर काढला आणि पाणी नंतर आलं. मला हे असलं दिसतं त्याला मी काय करू? तुम्हीच शिकवलंत.

आणि काय दिसलं नाही? काकू दिसल्या नाहीत. त्या आत होत्या. त्यांच्याकडे नंतर येते.

सर, मला तुमच्यावर मृत्युलेख लिहायला सांगितलाय. जन्म, शिक्षण, पुरस्कार, "नाट्यक्षेत्राची अपरिमित हानी" वगैरे. तो कोणीही लिहील. मला तुमच्याशी भांडण पूर्ण करायचंय. तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात, आणि पुढच्या सोमवारी धुळ्याच्या माझ्या कॉलेजात प्रथम वर्षाचा पहिला तास आहे. विषय तोच, तुमचाच: नाटकाच्या इतिहासाची ओळख आणि प्रयोगाचं विश्लेषण. दरवर्षी पहिल्या तासाला मी पोरांना तुमच्या त्या अंधाराची गोष्ट सांगते. शीर्षकासकट सांगते, "दिग्दर्शकाची थाप". ती यंदा सांगायची की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. तुम्ही थापाडे होतात की नव्हतात, हे ठरल्याशिवाय मला वर्गात उभं राहता येणार नाही.

जळगावच्या कॉलेजातला तुमचा पहिला तास मला आठवतो. आम्ही सगळे नट व्हायला आलेलो, आणि तुम्ही फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारलीत. डावीकडे लिहिलंत, 'काय दिसलं'. उजवीकडे लिहिलंत, 'काय दिसलं नाही'. म्हणालात, "नाटक फार आवडलं, डोळ्यांत पाणी आलं, हे घरी जाऊन आईला सांगा. मला या दोन बाजू भरून द्या." मग आम्हाला नाटकाला न नेता बैलबाजारात नेलंत. आम्ही पानंच्या पानं भरली. टोप्या, आरोळ्या, शिंगांचे रंग, व्यापाऱ्याचं रुसून निघून जाणं आणि परत येणं. तुम्ही सगळं वाचून विचारलंत, "दलालाने रुमालाखाली बोटं धरली होती. रुमालाखाली काय चाललं होतं?" आम्ही म्हटलं, दिसलं नाही सर. तुम्ही म्हणालात, "मग सगळा सौदा तिथंच झाला. उजवीकडे लिहा."

इतिहासही तुम्ही तसाच शिकवलात. सूत्रधार, कोरस, लळित, वगनाट्य सगळं झालं, पण प्रत्येक वेळी एकच पालुपद: "हे कोणी सांगितलं? तो तिथं होता का? कुठं बसला होता?" नाटकाचा इतिहास म्हणजे प्रेत नसलेला पंचनामा, असं तुम्ही म्हणायचात. प्रयोग संपला की काही उरत नाही, उरतात ते साक्षीदार, आणि साक्षीदार मनापासून चुकीचं सांगतात. मी मूळचीच संशयी. आमच्या घरी भाजीवाल्याच्या काट्याखाली हात घालून बघणारी पोर मीच. त्यात तुम्ही भेटलात. आयतं कोलीत मिळालं.

आणि मग तुम्ही स्वतःच थाप मारलीत. निदान मी इतकी वर्षं तसं धरून चालले.

ती एकांकिका तुमचीच. सातपुड्याच्या पायथ्याची एक बाई कोर्टात साक्ष द्यायला येते. जंगलातली झाडं कोणी तोडली ते तिने पाहिलंय, गावातलं बाकी कोणी बोलत नाही. शेवटी तिचं लांबच लांब स्वगत. ती बाई मी. आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाचोऱ्याकडच्या आमच्या गावातून मला कॉलेजला पाठवलं हेच नवल होतं, आणि नाटक म्हटल्यावर ते दोन दिवस जेवताना बोलले नव्हते. मग म्हणाले, "एकदाव कर. मी देखाले येस. फजिती व्हयनी ते परत नाटकनं नाव काढानं नही." म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगितलं होतं. फजिती झाली की नाटक बंद, नाटक बंद की कॉलेज बंद, आणि मग स्थळं बघायला सुरुवात.

आणि मी तर तालमीत रोज विसरायची. उजेडात समोर माणसं दिसली की त्या स्वगतात कुठंतरी शब्दच जायचे. विंगेतून तुम्ही शब्द पुरवलात तर आणखी वाटोळं, होतं नव्हतं तेही जायचं. विसरायच्या आधी मी अंगठ्याने पदराचा काठ चोळते, हे मला माहीतही नव्हतं, तुम्ही दाखवून दिलंत. "तुझं तोंड नंतर थांबतं, अंगठा आधी सांगतो," म्हणायचात. मात्र लोडशेडिंग सुरू झालं आणि हॉलमध्ये गुडुप अंधार झाला, की मी अथपासून इतिपर्यंत एक शब्द न चुकता बोलायची. पोरं हसायची. तुम्ही म्हणायचात, "हिला घुबडांच्या शाळेत घाला रे."

मी एकदा चिडून विचारलं, "शब्द पुरवलेला मला चालत नाही, तर प्रयोगाला तुम्ही विंगेत उभं राहून करणार काय?"

"काही नाही करणार. तू बघितलंस तर तुला कोणीतरी दिसावं, म्हणून उभा राहीन."

हे तुमचं वाक्य, सर. हे मी विसरले नाही. लक्षात ठेवा, मी पुढे याच्यावरच येणार आहे.

धुळ्याची स्पर्धा, भर दुपारचा प्रयोग, उन्हाळा. नाट्यगृह बंद, वर पंखे गरगरताहेत, आबा तिसऱ्या रांगेत पांढरी टोपी मांडीवर ठेवून. आपण सगळ्यांनी मागच्या दाराशी चपला काढल्या, तुमच्याकडे तो नेमच होता. रंगमंचावर आणि विंगेत पायताण नाही म्हणजे नाही. उजव्या विंगेत तुम्ही उभे होतात. स्वगत सुरू होताना मी तिरक्या नजरेने बघून घेतलं होतं.

सुरुवात झकास झाली. "झाड पडलं तेव्हा आवाज झाला, साहेब. गाव बहिरं नव्हतं. गाव भ्यालेलं होतं." इथं टाळ्या पडल्या. तालमीत टाळ्या कुठल्या! मी थांबले, टाळ्या ओसरू दिल्या, तुम्ही शिकवलं होतंत तसं. मग पुढचं बोलले, अजून पुढचं बोलले, आणि मग ते वाक्य आलं, "मी पाहिलं, साहेब." त्यानंतर ती बाई एकेकाचं नाव घेते. मला एकही नाव आठवेना. मी उजव्या विंगेकडे बघितलं.

विंग रिकामी होती.

सर, शब्द गेल्याचं मला एवढं काही वाटत नाही. शब्द जातात. तुम्ही तिथं नव्हतात. एवढं एकच काम होतं तुमच्याकडे, दिसायचं, आणि तुम्ही दिसला नाहीत. आणि लगेच लाईट गेली. गच्च काळोख. मला अंधार मिळाला, आणि मी बोलले. सगळी नावं बोलले, बापाच्या नावासकट, गावासकट. प्रेक्षागृहात चिटपाखरू हललं नाही. माझं शेवटचं वाक्य संपलं आणि दिवे आले.

पुढचं जगजाहीर आहे. परीक्षकांनी माईकवर सांगितलं, साक्ष अंधारात देण्याची कल्पना अपूर्व आहे, दिग्दर्शकाला सलाम. आबा बाहेर कोणालातरी सांगत होते, "लाईट गयी, पन मनी पोर थांबनी नही." माझं कॉलेज वाचलं, नाटक वाचलं, एम.ए. झालं, नोकरी लागली. आणि तुम्ही? तुम्ही परीक्षकांच्या पाठीमागून, प्रेक्षागृहातून अनवाणी चालत आलात, एक पाय उचलून टाकत. मी मनात म्हटलं, बघा, ऐन वेळी परीक्षकांच्या मागे जाऊन गोंडा घोळत होते, आणि आता लंगडायचं सोंग. तुमचं पहिलं वाक्य होतं, "आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला."

मी विचारलं, "विंगेत का नव्हतात?"

"दिवे घालवायला गेलो होतो," तुम्ही हसत म्हणालात.

मला जे कळायचं ते कळलं. कुठंतरी पाणी मुरतंय. मी काय तुमची विद्यार्थिनी नव्हते? दिव्यांच्या बोर्डावर बसलेल्याला गाठलं. तो म्हणाला, "ताई, मी हात लावला नाही. मेनच गेली." शिवाय मी स्वतः ऐकलं होतं, पंख्यांची घरघर थांबली होती. दिग्दर्शक दिवे घालवेल, पंखे कशाला घालवेल? समोरच्या चहावाल्याला विचारलं, दुपारी लाईट गेली होती का. तो म्हणाला, "बाई, लाईट कधी जात नाही ते विचारा." झालं. पंचनामा पूर्ण. तुम्ही विंग सोडून फिरायला गेलात, लाईट आपसूक गेली, आपसूक आली, आणि श्रेय तुम्ही घेतलंत. लोणकढी थाप.

तुम्ही पुढे दरवर्षी वर्गात तो अंधार शिकवलात, आणि मी मागच्या बाकावरून म्हणायची, "पंख्यांचं सांगा, सर." तुम्ही खडूचे हात झटकायचात आणि दुसरा मुद्दा सुरू करायचात. मी धुळ्याला शिकवायला लागल्यावर फोनवर तेच. दिवाळीला फोन, रंगभूमी दिनाला फोन, माझ्या पोराच्या बारशाला फोन, आणि बोलणं सुरू कुठून? "पंखे का थांबले?" माझ्या वर्गात तुम्ही एकदा पाहुणे म्हणून आलात, तेव्हा तुमच्यासमोर मी पोरांना सांगितलं, "हेच ते दिग्दर्शक. यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, पंखे बघा." खाल्ल्या घरचे वासे मोजणारी बाई मी, आहेच. तुम्ही शेवटच्या बाकावर पोट धरून हसलात. खरं सांगू? ते हसणंच मला संशयास्पद वाटायचं. चोर पकडला गेल्यावर इतका आनंदी कसा होतो?

शेवटचा फोन मी केला. तुमचा आवाज खोल गेला होता, काकूंनी फोन तुमच्या कानाशी धरलाय हे कळत होतं. अशा वेळी माणसाने काय बोलावं? मी म्हटलं, "सर, आता तरी खरं सांगा. पंखे का थांबले?"

तुम्ही खोकून घेतलंत. मग म्हणालात, "पंख्यांचं सोड. विंगेत तुला काय दिसलं?"

"काय दिसणार? कोणी नव्हतं. रिकामी होती."

"मग रिकाम्या विंगेचं विश्लेषण कर. इतकी वर्षं पंख्यांवरच अडलीस."

मला राग आला. मरणाच्या दारात बसूनही हा माणूस विषय बदलतो! मी "बरं, काळजी घ्या" म्हणून फोन ठेवला. ते आपलं शेवटचं बोलणं. त्यानंतर ग्रुपवर तुमचा फोटो आला, चष्म्याशिवायचा.

आता काकू. मांडवात पंगती बसल्या होत्या, वरण-बट्टी चालली होती, आणि मी आत गेले. काकू मोठ्या पातेल्याशेजारी पाटावर बसल्या होत्या, कोणी काम करू देत नव्हतं म्हणून नुसत्या. मला बघून म्हणाल्या, "आली का माझी सवत! तुझा फोन आला की ह्यांचं दुखणं अर्धं व्हायचं." मग आम्ही दोघी रडलो. मनसोक्त रडलो. डोळे पुसता पुसता त्यांनी विचारलं, "सुटलं का गं तुझं पंख्यांचं?"

"काकू, तुम्हाला माहितीय?"

"मला नाही माहीत असणार तर कोणाला? त्या दिवशी घरी आले तर तळपायात ही एवढी काच. मीच काढली सुईने. ओरडले नाहीत, नुसते हसत होते. म्हणाले, पोरगी बोलली गं, सगळी नावं बोलली."

मग त्यांनी सांगितलं. मेन स्विच पुढच्या बाजूला, बाल्कनीच्या जिन्याखाली. तिथं नाट्यगृहाचे नाना स्टुलावर बसायचे. तुम्ही धावत गेलात आणि नानांना म्हणालात, "पाडा मेन." नानांनी खटका खाली ओढला. तुम्ही प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेमागच्या दारात उभं राहून माझं बोलणं संपेपर्यंत हात वर धरलात, संपल्यावर खाली केलात, नानांनी खटका वर केला. नाना रोजंदारीवर होते, कायम व्हायचे होते. स्पर्धा चालू असताना मेन पाडली हे कळलं असतं तर त्यांना दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. तुम्ही शब्द दिला होतात, कोणालाही सांगणार नाही. दिवे मी घालवले असं म्हणता यायचं, लोकांना वाटायचं बोर्डावरच्या पोराला खूण केली असेल. पंख्यांचं सांगायला गेलात तर नानांचं नाव आलं असतं.

"पण काकू, नाना तर कधीच रिटायर झाले. वारलेसुद्धा. मग तरी सांगायचं!"

"मी पण तेच म्हटलं. तर म्हणाले, आता सांगितलं तर ती विचारेल पुरावा काय. आणि म्हणाले, सगळ्यांनी अंधार बघितला, पंखे एकटीने ऐकले. एवढी पोहोचलीय तर उरलेलं स्वतः शोधू दे." काकूंनी पदराने नाक पुसलं. "शिवाय भांडण मिटलं असतं तर तू फोन कशाला केला असतास?"

तुम्हाला वाटेल, मी तिथंच विरघळले. नाही, सर. एसटीत बसले, एरंडोल मागे पडलं, पारोळा आलं, आणि माझं डोकं पुन्हा चालू झालं. काकू तिथं होत्या का? नव्हत्या. सांगितलं कोणी? तुम्ही. नाना कुठंयत? वारले. म्हणजे एकुलता एक साक्षीदार तो, ज्याच्यावर आरोप आहे! ज्या माणसाने वर्षानुवर्षं वर्गाला शेंडी लावली, त्याने बायकोला लावली नसेल कशावरून? काच तर काय, कुठंही लागते. "हे कोणी सांगितलं? तो तिथं होता का?" पालुपद तुमचंच आहे. मला नावं ठेवू नका.

म्हणून काल मी नाट्यगृहात गेले. तुम्हाला दोषी ठरवायलाच गेले, लपवत नाही. आता तिथं वेगळे पहारेकरी आहेत, त्यांना म्हटलं कॉलेजचं काम आहे. खुर्च्या बदलल्यात, पण विंगा त्याच, मागचं दार तेच, जिन्याखाली स्विचची खोली तीच. मागच्या दाराशी चपला काढल्या. सवय. उजव्या विंगेत तुम्ही उभे राहायचात तिथं उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "मी पाहिलं, साहेब." आणि निघाले.

मागच्या दारातून बाहेर. मग बाजूची बोळ, तिथं अजूनही फुटक्या बाटल्या. मग कोपरा, पुढचं फाटक, पायऱ्या, जिना. मी पळतच होते, तरी केवढा वेळ! तितका वेळ मी रंगमंचावर गप्प राहिले असते तर सगळं प्रेक्षागृह कुजबुजलं असतं, मागून शिट्ट्या आल्या असत्या, आबा टोपी घालून उठले असते. तसं काहीच झालं नव्हतं. मी विसरले हे परीक्षकांनासुद्धा कळलं नव्हतं. मी विंगेकडे नजर टाकली आणि दिवे गेले, मधे एक श्वास असेल नसेल. म्हणजे मी विसरल्यावर तुम्ही इथं वेळेत पोचणं शक्यच नाही!

"पकडलं, सर!" मी ओरडले. पहारेकरी बघायला लागला.

आणि पकडल्यावर मला काय आनंद व्हायला हवा होता? मी जिन्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. तुम्ही काकूंनाही फसवलंत. इतकी वर्षं मला हेच सिद्ध करायचं होतं, आणि सिद्ध झाल्यावर मला ते नको होतं. मनात कुठंतरी मी हरायचीच वाट बघत होते, हे मला त्या पायरीवर कळलं.

पहारेकऱ्याने पाण्याची बाटली आणून दिली. म्हणाला, "मॅडम, पायात काय घुसलंय बघा." तळव्याला रक्त होतं. बोळीतली काच. मला कळलंसुद्धा नव्हतं.

मी त्या काचेकडे बघत बसले. चपला मागच्या दाराशी होत्या, सर. तुमच्यासुद्धा तिथंच होत्या, मी त्या दिवशी तुम्हाला शोधताना बघितल्या होत्या. चहाला जाणारा माणूस चपला घालून जातो. परीक्षकांच्या मागे मिरवायला जाणारा तर नक्कीच घालून जातो. तुम्ही अनवाणी याच बोळीतून गेलात, आणि चपला घालायला थांबला नाहीत. शेवटच्या रांगेपर्यंत माझा आवाज आला हे तुम्हाला कळलं, कारण तुम्ही शेवटच्या रांगेमागे उभे होतात. म्हणजे तुम्ही पोचलात. वेळेत पोचलात. मग निघालात कधी?

मी लंगडत परत विंगेत गेले. या वेळी स्वगत पहिल्या वाक्यापासून सुरू केलं. सगळं पाठ आहे अजून. "झाड पडलं तेव्हा आवाज झाला, साहेब. गाव बहिरं नव्हतं. गाव भ्यालेलं होतं." इथं टाळ्या. टाळ्यांपुरती थांबले, आणि थांबल्यावर माझा उजवा अंगठा आपोआप पदराच्या काठाकडे गेला. साडी नव्हती, ओढणी होती, तिच्या काठाकडे गेला.

तिथून निघाले. बोळीतून मोठमोठ्याने बोलत पळाले, एक बाई धुणं वाळत घालता घालता थांबून बघत राहिली. फाटक, पायऱ्या. जिन्याखालच्या दाराला हात टेकला तेव्हा माझ्या तोंडात वाक्य होतं, "मी पाहिलं, साहेब."

माझ्या तोंडून शब्द जायच्या कितीतरी आधी तुम्हाला कळलं होतं. मला कळलं नव्हतं, मी तर तेव्हा खुशीत होते, मला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळत होत्या. सगळं प्रेक्षागृह माझ्या तोंडाकडे बघत होतं. तुम्ही अंगठा बघितलात. तुमच्यापुढे दोनच वाटा होत्या. विंगेत दिसत राहायचं, दिलेला शब्द पाळायचा, आणि माझी फजिती उघड्या डोळ्यांनी बघायची. किंवा मला अंधार आणून द्यायचा, आणि त्यासाठी नेमक्या त्या क्षणी मला दिसायचं नाही.

आणि तुम्ही कधी लपवलंत? कुठं लपवलंत? पहिल्याच वाक्यात, सरळ, हसत सांगितलंत, दिवे घालवायला गेलो होतो. मीच शहाणी. तुम्ही प्रत्येक साक्षीवर संशय घ्यायला शिकवलंत, आणि मी सगळ्यात आधी तुमची साक्ष खोटी धरली. आता तुम्ही पोट धरून हसत असाल. हसा. चष्मा मात्र घाला, त्या फोटोत तुम्ही अगदीच कोणीतरी दुसरे दिसता.

सोमवारी तास घेणार आहे. फळ्यावर उभी रेघ मारीन. डावीकडे लिहीन, 'विंग रिकामी'. उजवी बाजू पोरांना भरायला सांगीन, बघू किती वर्षं लागतात. भांडण मी त्यांच्याशी चालू ठेवीन, त्याची काळजी करू नका. नानांचं नाव सांगीन का? सांगीन. आता त्यांना कोणी घरी बसवणार नाही.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलले नव्हते. पंख्यांच्या आड लपवून ठेवली होती. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या पडल्या, आणि त्या ऐकायला तुम्ही जागेवर नव्हतात, याचा मला इतकी वर्षं राग होता.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा तुम्ही अनवाणी पळत होतात, सर. मान्य. दिवे तुम्हीच घालवले.